वुमनिझम: वेगळ्या नावाची गरज होती का?

निळी शाई (धागा)

आमच्या वाचनगटात परवा अमेरिकेतल्या काळ्या स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांच्यावर बोलणं चाललं होतं. बोलता बोलता एक मैत्रीण म्हणाली, "वुमनिझम म्हणजे पुरुषांना सोबत घेऊन चालणारा मवाळ स्त्रीवाद." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते तेव्हाच खटकलं, पण नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते. विरोधी मतंही हवी आहेत.

हा शब्द काळ्या अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांचा. १९७९ साली एका कथेत त्यांनी तो वापरला आणि १९८३ च्या निबंधसंग्रहाच्या सुरुवातीलाच त्याची व्याख्या दिली. मूळ आहे अमेरिकेतल्या काळ्या घरांमधलं आयांचं बोलणं. पोरगी वयाच्या मानाने जास्त चौकशा करायला लागली, धीटपणे मनाचं करायला लागली की आई तिला 'वुमनिश' म्हणायची. आपल्याकडे "फार मोठी बाई लागून गेलीस!" म्हणतात, त्यातलाच प्रकार. वॉकर यांनी त्या टोमण्याचं बिरुद केलं.

त्याच व्याख्येत मायलेकींचं दोन ओळींचं बोलणं आहे. लेक सांगते, मी कॅनडाला (म्हणजे गुलामीतून सुटायला) चालत निघालेय, तुला आणि बाकीच्या गुलामांनाही घेऊन जाणार आहे. आई म्हणते, असं काही पहिल्यांदाच होत नाहीये. माझ्या मते सगळा वुमनिझम या दोन ओळींत आहे. लेक एकटी सुटत नाही. आणि आईला नवल वाटत नाही, कारण हे काम बायका आधीपासून करत आल्या आहेत. यात मवाळ काय आहे?

आता मुख्य प्रवाहातली चळवळ बघा. ३ मार्च १९१३ ला वॉशिंग्टनमध्ये मताधिकाराचा मोठा मोर्चा निघाला. आयडा बी. वेल्स शिकागोहून आल्या होत्या. लिंचिंगविरुद्ध, म्हणजे जमावाने काळ्या माणसांचे खून करण्याविरुद्ध, त्या तेव्हा वीस वर्षं लिहीत होत्या. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिथरतील म्हणून त्यांना सांगितलं गेलं की इलिनॉयच्या तुकडीत नको, मागे काळ्या बायकांबरोबर चाला. वेल्स बाजूच्या गर्दीत थांबल्या आणि तुकडी समोर येताच सरळ आत शिरल्या. १९२० ला स्त्रियांचा मताधिकार घटनेत आला, पण दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बायकांना प्रत्यक्ष मत टाकायला १९६५ चा मतदान हक्कांचा कायदा यावा लागला. मधली पंचेचाळीस वर्षं 'स्त्रियांना मत मिळालं' असंच सगळीकडे छापलं गेलं.

१९६३ मध्ये गोऱ्या अमेरिकन लेखिका बेटी फ्रीडन यांनी उपनगरातल्या शिकलेल्या गृहिणीची घुसमट मांडली. ती घुसमट खरी होती. पण हुक्स यांनी नेमकं विचारलं की या बायका घराबाहेर पडल्या की त्यांची मुलं आणि घर कोण सांभाळणार? काळी बाई पिढ्यान्‌पिढ्या बाहेर कामाला जातच होती, आणि ते काम बहुतेकदा असल्याच घरांत होतं. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, म्हणजे आयुष्यभर राबून तिच्या म्हातारपणाची सोय शून्य. दिवसभर दुसऱ्याचं आवरून ती परत येई तेव्हा तिचं स्वतःचं घर हीच तिला माणूस म्हणून वागवणारी जागा असे. तिला 'घरातून बाहेर पड' सांगणारी चळवळ तिची कशी होणार?

परखड

निळी शाई, इतिहास मान्य. निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

वॉकर यांच्या व्याख्येतली पहिलीच गोष्ट तुम्ही गाळलीत. वुमनिस्ट म्हणजे काळी स्त्रीवादी किंवा वर्णद्वेष सोसणारी स्त्रीवादी, असं त्या स्वतःच लिहितात. म्हणजे ज्यांनी शब्द काढला त्यांनीच दार लावलेलं नाही, आणि तुम्ही ते लावताय.

तुम्हाला कॅनडाला निघालेली लेक दिसली. मला बोस्टनचं कंबाही रिव्हर कलेक्टिव्ह हा काळ्या स्त्रीवाद्यांचा गट दिसतो. नाव घेतलं ते स्वतः गुलामीतून सुटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या १८६३ च्या मोहिमेवरून, दक्षिण कॅरोलायनातल्या कंबाही नदीवर सातशेहून जास्त गुलाम एका रात्रीत सोडवले गेले तिच्यावरून. म्हणजे सगळ्यांना घेऊन निघायचं हीच प्रेरणा. १९७७ च्या त्यांच्या निवेदनात स्पष्ट आहे की वर्णद्वेषाविरुद्ध आम्ही काळ्या पुरुषांच्या बरोबरीने लढतो आणि पुरुषीपणाबद्दल त्यांच्याशीच लढतो. पुरुषांपासून तुटून राहणं त्यांनी नाकारलं. हे सगळं त्यांनी स्वतःला स्त्रीवादी म्हणवून केलं. हुक्स यांनीही तो शब्द सोडला नाही.

गुलामीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथ १८५१ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला उभ्या राहिल्या आणि पुरुषाइतकं नांगरते, कापते म्हणाल्या. ही स्त्रीवादाची पायाभरणी नाही तर काय? पायाचे दगड जिचे, तिनेच घर सोडून जायचं आणि सातबारा गोऱ्या बायकांच्या नावावर करून द्यायचा? मी तरी देणार नाही.

जुना वाचक

एक शंका. ट्रुथ यांचं "मी बाई नाही का?" हे प्रसिद्ध वाक्य खरंच त्या भाषणातलं आहे का? मी उलट ऐकलं होतं.

परखड

बरोबर ऐकलंत, म्हणूनच मी ते वापरलं नाही. त्याच वर्षी, १८५१ मध्येच, छापलेल्या वृत्तांतात ते पालुपद नाही. ते आलं फ्रान्सिस गेज यांच्या १८६३ च्या आवृत्तीत, आणि त्यात भाषाही दक्षिणेतल्या गुलामांच्या बोलीची करून टाकली आहे. ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातल्या, त्यांची पहिली भाषा डच. नांगरण्याचं बोलणं मात्र दोन्हीकडे आहे.

निळी शाई

परखड, हे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात! काळ्या बाईचं भाषण गोऱ्या बाईने बारा वर्षांनी स्वतःच्या कानाला पटेल त्या बोलीत लिहिलं आणि जगाने तेच पाठ केलं. शब्द कोणाच्या तोंडचा, हा प्रश्न म्हणूनच मला दुय्यम वाटत नाही. व्याख्येतला पहिला भाग मी गाळायला नको होता, ते कबूल. पण त्याच व्याख्येचा शेवट गर्द जांभळ्या आणि फिकट जांभळ्या रंगाच्या उपमेने होतो, आणि वुमनिस्ट हा त्यातला गर्द रंग. नातं आहे, पण बरोबरीचं नाही.

रात्रपाळी

मी जॉर्जियात नर्स आहे, अकरा वर्षं झाली. आमच्या वॉर्डातल्या एक वयस्कर काळ्या सहकारी स्वतःला कधी फेमिनिस्ट म्हणत नाहीत. चर्चमधल्या बायबल अभ्यासात वुमनिस्ट हा शब्द मात्र सहज बोलतात. पुस्तकी चर्चेत हा भाग सुटतो, म्हणून लिहितेय. हा शब्द विद्यापीठाइतकाच चर्चमध्ये रुजला आहे. केटी कॅनन, जॅकलिन ग्रँट, डेलोरेस विल्यम्स या तिघींनी त्यावर अख्खं धर्मचिंतन उभं केलं.

विल्यम्स यांनी १९९३ मध्ये हागारची गोष्ट नव्याने वाचली. हागार ही बायबलमधली मिसरी दासी. मालकीण साराला मूल होत नाही म्हणून हागारच्या पोटी मूल घेतलं जातं, मग साराला स्वतःचा मुलगा झाल्यावर हागारला पोरासकट रानात हाकलून देतात. चर्चमधले काळे पुरुष विचारवंत म्हणत होते की देव गुलामांना सोडवतो. विल्यम्स म्हणतात, हागारला देवाने सोडवलं नाही, उलट एकदा तर मालकिणीकडे परत जा म्हणाला. रानात त्याने तिला पाणी दाखवलं, जगायची वाट दाखवली. दुसऱ्यांची मुलं पाजणाऱ्या, दुसऱ्यांची घरं आवरणाऱ्या बायकांना ही हागार लगेच ओळखू येते. आणि तिला राबवणारी, हाकलायला लावणारी बाईच आहे, हेही.

एक माझ्या कामातलं. १९७३ च्या जानेवारीत इथे गर्भपाताचा हक्क मिळाला. त्याच वर्षी अलाबामातल्या माँटगोमेरीत १४ आणि १२ वर्षांच्या दोन रेल्फ बहिणींची सरकारी पैशाने चालणाऱ्या दवाखान्यामार्फत नसबंदी केली गेली. आईला लिहितावाचता येत नव्हतं, तिने कागदावर फुली मारली होती. गोरी चळवळ मूल नको म्हणायचा हक्क मागत होती, तेव्हा या बायकांना मूल होऊ देण्याचा हक्कही मागावा लागत होता. माझ्या सहकारी सांगतात की त्यांच्या आईच्या पिढीत गर्भाशय काढलं कशासाठी, हे न कळलेल्या बायका ओळखीत होत्या. इथे काम करायला लागेपर्यंत यातलं काही माझ्या कानावरही नव्हतं, याची मला आजही लाज वाटते.

अनघड

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तरी मी विरोधात लिहिणार आहे, कारण माझा आक्षेप नावापेक्षा खोल आहे.

व्याख्येत 'सगळ्या लोकांचं तगून राहणं आणि अखंड राहणं' याला बांधिलकी आहे, पुरुष आणि बायका दोघांच्या. ऐकायला सुंदर आहे. आता ते घरात आणा. लोक अखंड राहावेत म्हणून तोंड कोणी मिटायचं? दर वेळी बाईनेच.

१९७९ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत बोस्टनच्या काळ्या वस्त्यांत एकामागून एक १२ काळ्या बायकांचे खून झाले. १ एप्रिलला निषेधाचा मोर्चा निघाला. मंचावरून, बहुतेक पुरुषांकडून, एकच मांडणी झाली: हे वर्णद्वेषाचे बळी आहेत, बायकांनी घरात राहावं, पुरुषांनी त्यांचं रक्षण करावं. त्या बायका होत्या म्हणून मारल्या गेल्या, हे कोणी म्हणेना. कंबाहीच्या बार्बरा स्मिथ घरी गेल्या आणि पत्रक लिहायला बसल्या. शीर्षकात आकडा सहा होता. पुढे खून होत गेले तसा तो आकडा खोडून नवा लिहावा लागला. ज्यांच्या घरात मारेकरी आहे त्यांनी घरात कशाला बसायचं, हे त्या पत्रकामुळे बोललं गेलं. आणि ते लिहिणारी स्वतःला काळी स्त्रीवादी म्हणत होती.

वॉकर यांचंच बघा. १९८२ ची त्यांची 'द कलर पर्पल' कादंबरी, १९८३ चं पुलित्झर, १९८५ चा चित्रपट. निदर्शनं झाली ती कशासाठी? काळ्या पुरुषांना गोऱ्या प्रेक्षकांसमोर वाईट दाखवलं म्हणून. लोकांच्या अखंडतेचा दंडुका खुद्द शब्द घडवणाऱ्या बाईच्या पाठीत बसला. १९९१ मध्ये काळ्या प्राध्यापिका अनिता हिल यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी नाव सुचवलेल्या काळ्या न्यायाधीश क्लॅरेन्स थॉमस यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची साक्ष दिली तेव्हा थॉमस यांनी सुनावणीला 'लिंचिंग' म्हटलं, आणि आपल्या माणसाला खाली ओढते म्हणून हिल यांनाच किती ऐकावं लागलं.

शिवाय 'वुमनिझम' एक कुठे आहे? अमेरिकन अभ्यासक क्लेनोरा हडसन-वीम्स यांचा आफ्रिकाना वुमनिझम कुटुंबाला मध्यभागी ठेवतो, स्त्रीवादाशी संबंधच नाकारतो आणि वॉकर यांच्यापासूनही अंतर राखतो. वॉकर यांच्या व्याख्येत बाईवर प्रेम करणारी बाई पहिल्यापासून आहे, शरीरानेसुद्धा. नायजेरियाच्या चिक्वेन्ये ओकोन्जो ओगुन्येमी यांनी स्वतंत्रपणे याच शब्दाशी येऊन १९८५ मध्ये मांडणी केली, त्या मांडणीत अशा बाईला जागा नाही. मग कुठल्या वुमनिझमबद्दल बोलतोय आपण?

निळी शाई

अनघड, हा खरा प्रश्न आहे. रात्रभर विचार करून लिहितेय.

हडसन-वीम्स यांच्या मांडणीचा बचाव मी करणार नाही. कुटुंब टिकवायची जबाबदारी बाईच्या गळ्यात घालणारी मांडणी मला कुठल्याही नावाने नको. पण वॉकर यांच्या त्याच ओळीला एक जोड आहे: वुमनिस्ट वेगळी राहत नाही, अधूनमधून प्रकृतीसाठी राहते तेवढं सोडून. मला ती सवलत फार मोलाची वाटते. म्हणजे अखंडतेच्या नावाखाली स्वतःला झिजवून घ्यायची सक्ती नाही. व्याख्या पुढे संगीत, नाच, चंद्र, अन्न, लढा, आपले लोक अशी तिच्या प्रेमाची यादी देते, आणि त्या यादीत ती स्वतःही आहे, काहीही झालं तरी.

हिल यांच्याबद्दल मात्र तुम्ही अर्धंच सांगितलंत. १७ नोव्हेंबर १९९१ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये १६०३ काळ्या बायकांनी सह्या करून पानभर निवेदन छापलं, पैसे स्वतः जमवून. लिंचिंगचा इतिहास ढाल म्हणून वापरल्याबद्दल थॉमस यांना त्यांनी सुनावलं आणि काळ्या बाईच्या छळाकडे कायम डोळेझाक होते हेही मांडलं. आपल्या लोकांशी प्रामाणिक राहून आपल्याच माणसाविरुद्ध बोलणं यापेक्षा वेगळं काय असतं?

परखड

आणि त्या निवेदनाचं शीर्षक काय होतं? 'स्वतःच्या बचावासाठी आफ्रिकन अमेरिकन स्त्रिया.' वुमनिस्ट नाही, फेमिनिस्टही नाही. हे माझ्याही विरोधात जातं, तरी नोंदवतो.

एक प्रकरण माझ्या बाजूने. जनरल मोटर्सवर पाच काळ्या बायकांनी खटला भरला होता. कंपनीने १९६४ आधी काळ्या बायका घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे मंदीत सेवाज्येष्ठतेवर कपात झाली तेव्हा १९७० नंतर घेतलेल्या सगळ्या काळ्या बायका गेल्या. १९७६ मध्ये कोर्ट म्हणालं की बायका आधीपासून नोकरीत आहेत (गोऱ्या), तेव्हा लिंगभेद नाही. वर्णभेदाचा दावा वेगळा चालवा, पण दोन्ही एकत्र जोडू नका. काळ्या कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या निकालावर बोट ठेवलं आणि आज जगभर वापरली जाणारी छेदबिंदूची (इंटरसेक्शनॅलिटीची) संकल्पना मांडली, म्हणजे वर्ण आणि लिंग यांचे भेद एकाच बाईवर एकत्र येतात, ते वेगळे काढता येत नाहीत. हे काम त्यांनी स्त्रीवादाच्या आत राहून केलं. बाहेर पडल्या असत्या तर गोऱ्या प्राध्यापिकांनी त्या दिशेने बघितलंही नसतं.

माळरान

हा धागा सुरुवातीपासून वाचतेय. मी बौद्ध घरातली, आई आंबेडकरी महिला मंडळात होती. त्यामुळे ही चर्चा मला लांबची वाटत नाही.

१९७२ ला दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तिच्या मंचावर बायका किती होत्या? आणि शहरी स्त्रीमुक्तीच्या मंचावर आमच्या किती? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या तोंडून त्यांचा इतिहास लिहून घेतला, १९८९ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. तोवर त्या बायका दोन्हीकडच्या इतिहासात जवळजवळ नव्हत्याच. १९९५ मध्ये अभ्यासक गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळं बोलतात असं मांडलं. १९९८ मध्ये समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी उत्तर दिलं की नुसतं 'वेगळं' म्हणून सोडू नका, नाहीतर बाकीच्या स्त्रीवाद्या मोकळ्या सुटतील. ही दृष्टी त्यांनाही अभ्यासावी लागेल.

आम्ही वेगळा शब्द काढला नाही, 'दलित स्त्रीवाद' म्हटलं. त्यामुळे परखड यांना वाटेल मी त्यांच्या बाजूची. पण त्या शब्दासाठी काय मोजलं ते सांगते. सभेत 'स्त्रीवाद' म्हटलं की आपलेच भाऊ म्हणत, ही बामणांच्या बायकांची फॅडं आणलीस. आणि महिला परिषदेत 'दलित' म्हटलं की ताई म्हणत, आपण सगळ्या बायकाच ना, जात कशाला मध्ये? माझ्या आईने दोन्हीकडे ऐकून घेतलं. सातबाऱ्यावर नाव ठेवायचं म्हणता ते ठीक आहे, परखड, पण दर खेपेला तलाठ्याच्या दारात उभं कोण राहतं?

निळी शाई, तुम्हालाही एक विचारायचंय. आईच्या तोंडचा शब्द उचलायचा तर आमच्याकडे कुठला उचलू? माझी आई "मोठी बाई लागून गेलीस" कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "बोल, पण आधी शाळा पुरी कर."