तारीख विचारत बसू नका, वार ठरवून टाका

बोर्ड गेम खेळायला सुरुवातीला घर भरायचं आणि आता ग्रुपवर नुसतं "कधी जमायचं" चालतं असं तुमचं झालं असेल, तर आधी ते विचारणंच बंद करा. आमचं बेळगावला टिळकवाडीत महिन्याचा दुसरा शनिवार संध्याकाळ ठरलेलं आहे, खानापूरचा मित्र बाकीची कामं त्याप्रमाणे लावतो, चौघंच आले तरी खेळ होतोच की.

दुसरं म्हणजे माणसं बघून गेम काढायचा. कटान हा बोर्ड गेम १९९५ पासूनचा, मस्तच आहे, पण मूळ डब्यात ३ ते ४ जणच खेळू शकतात, बाकीच्यांनी काय करायचं? सहा-सातजण असले की सरळ कोडनेम्स, म्हणजे शब्द ओळखायचा गेम. २५ शब्द मांडायचे, दोन टीम, कॅप्टनने एक शब्द आणि एक आकडा एवढाच इशारा द्यायचा, त्यावरून टीमने आपले शब्द ओळखायचे. आमच्यात अर्धे मराठी अर्धे कन्नड, म्हणून डब्यातले इंग्रजी शब्द बाजूला ठेवून आम्ही चिठ्ठ्या केल्या, कुंदा, गल्ली, रिक्षा, किल्ला असे सगळ्यांना कळणारे, कुठले शब्द कुठल्या टीमचे ते दाखवणारं उत्तराचं कार्ड तेवढं डब्यातलंच. तेव्हापासून शेजारच्या काकू पण येऊन बसतात आणि खरं सांगतो, सगळ्यात भारी इशारे त्यांचेच असतात, मला याचा फार आनंद आहे.

नवीन कोणी असेल तर पॅन्डेमिक हा गेम काढा, त्यात सगळे एकाच बाजूने खेळतात त्यामुळे बिचारा एकटा हरत नाही. आणि टेबलावर भजी नको, कार्डं तेलकट होतात, खाणं आधी उरकून घ्या.