रे: रे: येळवशीची (वेळ अमावस्येची) आकाशरात्र, मंद्रूप – आगटी पेटणार की नाही?

प्रेषक: अण्णा (सोलापूर)

मंडळी,
काल बाळूनं फोनवर जाता जाता सांगितलं, हुरडा भाजायला दोन आगट्या, म्हणजे गोवऱ्यांचे खड्डे, खणून तयार आहेत. दोन! मी एकीलाही हो म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी हिप्परग्याला काय झालं ते पुन्हा लिहीत बसत नाही. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. कुणीतरी काठीनं आगटी उकरतो, गोवरी भडकते, आणि वीसजणांची ती ३० मिनिटं पाण्यात. देवयानीची दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दाखवायची म्हणून सगळ्यांना उभं केलं होतं, आणि दिसलं काय, तर खजिनदारांचं तोंड.
हुरडा दुपारी खा. सातनंतर जाळ नको.
– अण्णा

प्रेषक: खजिनदार (ह्यूस्टन)

अण्णा, माझं तोंड वाईट नाही.
हुरड्याची वर्गणी गोळा झाली आहे, दुर्बिणीची नाही. निम्मी मंडळी त्याच दिवशी पुण्याहून निघणार, मंद्रूपला पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा. त्यांनी दुपारचा हुरडा कधी खायचा? मागच्या वेळी "हुरडा राहिला" म्हणून तीन घरांनी पैसे परत मागितले होते. ते मी दिले. मंडळाच्या खात्यातून नाही, हे सचिवांना माहीत आहे.

प्रेषक: बाळू (मंद्रूप)

अण्णा, आगटीत जाळ नसतोय, इंगळ असतोय. इंगळ लालच की. तुमीच मागं सांगितलाव, लाल उजेड चालतंय म्हणून. बॅटरीला लाल कागद बांधाय लावलाव सगळ्यास्नी. मग माझ्या इंगळानं काय घोडं मारलंय? कणसं गरम राखंत सारायची, वर आलं की चोळायची. कुणी उकरू नका म्हणजे झालं.

प्रेषक: नाना (पुणे)

बाळूच्या लाल इंगळावरून आठवलं. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास ग्रहण. रायचूरला खग्रास दिसणार होतं, सोलापुरातून थेट रेल्वे. आम्ही चौघांनी तिकिटं काढून ठेवली होती. आईनं खिडक्यांना घोंगडी लावली, दाराला आतून कडी घातली आणि स्वतः दारात बसली. मी ते ग्रहण सोलापुरी चादरीच्या भोकातून पाहिलं, म्हणजे चादरीचं भोकच पाहिलं. तिकिटाचे पैसे अजून एकाकडे बाकी आहेत. तो या यादीवर आहे.

प्रेषक: ताई (ह्यूस्टन)

नाना, तिकिटाचं नंतर.
मी फोर्ट डेव्हिसजवळच्या टेक्सास स्टार पार्टीला, म्हणजे आकाश बघणाऱ्यांच्या मेळाव्याला, दोनदा जाऊन आले. तिथे अंधार पडला की पांढरा दिवा बंद म्हणजे बंद. गाडीचं दार उघडल्यावर आतला दिवा लागतो, त्याच्यावर लोक आधीच चिकटपट्टी मारून येतात. मला एकदा फोन उजळला म्हणून लांबून ओरडा बसला होता.
तरी एक सांगते. ह्यूस्टनहून अगस्त्याचा तारा क्षितिजाच्या वर जेमतेम ७ अंश येतो, धुरकट हवेत हरवतो. मंद्रूपहून तो जवळजवळ २० अंशांवर. मध्यरात्रीच्या सुमारास ऐन दक्षिणेला, त्याच्या वर व्याध. आणि पहाटे पाचनंतर ओमेगा सेंटॉरी, तो तारकागुच्छ! एवढं विमानभाडं भरून मी त्यासाठी येतेय. म्हणूनच मागच्या वेळी भांडले होते की नान्नज, हिप्परगा नको. शहराच्या उत्तरेला उभं राहिलं की सोलापूरचा सगळा उजेड नेमका दक्षिणेला, अगस्त्याच्या डोक्यावर. मंद्रूपहून शहर पाठीमागे पडतं. जागा मी सुचवली होती, हे इतिवृत्तात नाही.
त्यामुळे आगटीबद्दल माझं मत अण्णांकडे.

प्रेषक: सचिव

इतिवृत्तात आहे. पान दुसरं.

प्रेषक: माई (सोलापूर)

अमावस्येच्या रात्री लेकरांना घेऊन शेतात कशाला, असं सूनबाई म्हणते. मी म्हटलं, येळवशीला दिवसभर शेतातच तर असतो आपण, भज्जी आणि आंबील तिथंच. रात्री काय भुईला काटे फुटतात? आणि चंद्र असताना तारे दिसत नाहीत हे मला अण्णांनीच शिकवलंय.
चादरी प्रत्येकी दोन आणा. मागच्या वेळी अण्णांनी माझी नवी चादर दुर्बिणीला दव लागू नये म्हणून गुंडाळली आणि मी रात्रभर कुडकुडले. शेंगाचटणी माझ्याकडे. गूळ-खोबरं कुणाकडे, ते कुणीच लिहिलेलं नाही. आगटीचं चाललंय चार दिवस.

प्रेषक: अण्णा (सोलापूर)

माई, चादर धुऊन परत दिली होती.
बाळू, लाल उजेड चालतो तो मंद. आगटीभोवती दहाजण बसले की दोघांचे फोन उजळतातच, कणीस करपलं का बघायला. आणि धूर? माझ्या दुर्बिणीचा आरसा आठ इंची, नळी उघडी. गोवरीचा धूर त्यावर बसला की पुसता येत नाही, पुसला तर लेप जातो. शिवाय गरम हवा दुर्बिणीसमोरून गेली की तारा थरथरतो.
तरी पैसे घेतलेत म्हणता, तर माझं शेवटचं. आगटी एकच. दिवस मावळायच्या आधी पेटवायची, सातपर्यंत नुसता विस्तव. दुर्बिणी पूर्वेच्या बांधावर, आगटी पश्चिमेला, कडब्याच्या गंजीच्या आड.

प्रेषक: बाळू (मंद्रूप)

गंजीच्या आड आगटी?? अण्णा, वर्षाचा कडबा हाय त्यो. एक ठिणगी उडाली तर तुमचे तारे दिवसा दिसतील मला.
विहिरीच्या मातीचा ढीग हाय, पुरुषभर उंच. त्याच्या मागं करतो. तिथनं पूर्वेच्या बांधाला कायबी दिसत न्हाई, मी काल बसून बघितलो.

प्रेषक: अण्णा (सोलापूर)

ढीग चालेल.

प्रेषक: खजिनदार (ह्यूस्टन)

लेखी घेतलं. गूळ-खोबरं मी आणतो.

प्रेषक: बाळू (मंद्रूप)

अजून एक हाय. त्या आठवड्यात थ्री फेज लाईट रातीची हाय. आई रात्री गव्हाला पाणी सोडती, आणि मोटारीच्या खोलीवर हॅलोजन लागतोय, पार रस्त्यावरनं दिसतोय. साप-किरडाचं म्हणून ती बंद करू देत न्हाई.
तिला सांगायला कोण येतंय ते कळवा. मी न्हाई.