टोकियोला जाताना किराणा किती भरायचा?

छोटी: ताई, आमचं टोकियोचं फायनल झालं, घर निशी-कासाईत बघतोय. मावशी म्हणतेय वर्षभराचा किराणा घेऊन जा, खरंच एवढं न्यावं लागतं का गं?

मावशी: डाळ, तांदूळ, गूळ, पोहे सगळं काढून ठेवलंय मी. परक्या मुलखात पोरीचे हाल नकोत.

ताई: मावशी तुझी काळजी कळते गं पण डाळ-तांदळाचं वजन अजिबात देऊ नकोस. निशी-कासाईत आपली इतकी माणसं राहतात की तूरडाळ, हिंग, कणीक, पोहे सगळं चालत जाऊन मिळतं, आणि टोकियोतल्याच शिन-ओकुबो भागात नेपाळी-बांगलादेशी दुकानांची रांगच आहे. तू गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी दे, घरच्या हाताची चव तिथल्या दुकानात नाही मिळत. आणि छोटे, ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबे बॅगेत टाकू नकोस, ताज्या भाज्या-फळांना प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावरच काढून घेतात.

काका: म्हणजे हापूसला मुकायचं!

ताई: नाही हो काका, बाष्पप्रक्रिया केलेल्या, म्हणजे फळमाशी मारायला गरम वाफ दिलेल्या आपल्या आंब्याला जपानने २००६ मध्ये परवानगी दिलीय. पण माझं म्हणणं वेगळंच आहे, तिथे जाऊन रोज इथलंच शोधत बसलं तर जीव रमत नाही. तिथल्या बाजारात जे ताजं दिसेल ते उचलायचं आणि आपल्या फोडणीत घालायचं. कोमात्सुना म्हणून एक पालेभाजी असते, ती मूळची त्याच एदोगावा भागातली जिथे तुम्ही राहणार आहात, कोमात्सुगावा या गावावरून तिचं नाव पडलं. लसूण-मिरचीची फोडणी देऊन डाळीचं पीठ पेरून कर, भाकरीबरोबर इतकी छान लागते की मेथीची जुडी मिळाली नाही म्हणून हळहळ वाटत नाही. काबोचा म्हणजे तिथला हिरव्या सालीचा भोपळा, आतून घट्ट आणि गोड, सालीसकट खातात, त्याचे घारगे करून बघ. गूळही नको नेऊस, ओकिनावाची काळी साखर म्हणजे कोकुतो, उसाचा रस आटवूनच करतात, आमटीत चालते. थंडीत सुपरमार्केटच्या दाराशी गरम भाजलेली रताळी ठेवलेली असतात, एकादशीला मी तीच घेते 😊

वहिनी: पण तिथलं बाहेरचं खायचं कसं? ही दोघं शाकाहारी.

ताई: वहिनी तिथे मात्र सांभाळावं लागतं. नुसती भाजी दिसली तरी दाशीत म्हणजे त्यांच्या मूळ रस्स्यात बहुतेक वेळा वाळवलेला मासा असतो, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं सूप, सोबा नूडल्सचं पाणी, भाज्यांच्या तेम्पुराबरोबरची, म्हणजे त्यांच्या भज्यांबरोबरची चटणीसुद्धा. तयार करी रू म्हणजे करीच्या रस्श्यासाठी मिळणाऱ्या मसाल्याच्या वड्या, त्यांमध्येही बऱ्याचदा प्राण्यांची चरबी असते. पण देवळांतलं शोजिन र्योरी पूर्ण शाकाहारी, त्यात दाशी कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाची आणि वाळलेल्या शिताके मशरूमची करतात. याच कोंबूतून १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी उमामी म्हणजे गोड-आंबट-खारट-कडू यांपलीकडची पाचवी चव शोधून काढली. घरी कोंबूचा तुकडा थंड पाण्यात रात्रभर भिजत घालायचा, सकाळी त्या पाण्यात मिसो आणि टोफू, झालं.

मावशी: आणि ताप आला की पोरगी काय खाणार गं तिथे?

ताई: मावशी हे तर तुला फार आवडेल. तिथे आजारी माणसाला ओकायु देतात, भरपूर पाण्यात शिजवलेला अगदी गुरगुट्या भात, वर एक खारवलेलं आंबट उमेबोशी, आपला मऊ भात आणि लिंबाचं लोणचंच की. शेजारच्या आजींनी मला तापात डबा आणून दिला होता, मी त्यावर तूप आणि तू दिलेलं मेतकूट घातलं, दोन्ही घरचं वाटलं मला. त्यांना पण चाखायला दिलं, नंतर त्या मेतकुटाची बाटली मागून घेऊन गेल्या. तिथला तांदूळ आखूड आणि चिकट असतो ना, मऊ भाताला आपल्या आंबेमोहोरासारखाच चांगला.

छोटी: आणि गणपतीत मोदक? पिठी न्यायची का?

ताई: नको, जोशिन्को मिळते, ती साध्या तांदळाचीच पिठी असते. उकड काढून कळ्या करताना तडे गेले तर चमचाभर शिरातामाको मिसळ, ती चिकट तांदळाची असते, पारी छान लवते. जास्त घालू नकोस, मोदक वाफेवर बसतात.

वहिनी: आणि नारळ गं?

ताई: आपल्या दुकानांत फ्रोजन खवलेला मिळतो. आदल्या रात्री बाहेर काढून ठेवायचा आणि सुटलेलं पाणी हाताने पिळून मगच कोकुतो घालायचा, नाहीतर सारण पातळ होतं.

मावशी: बरं, मग डाळ-तांदूळ ठेवते परत. भाजणी दोन किलो करते आजच.