आयसीयूत येणाऱ्या रुग्णाचा रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून काडीने घेतलेला नमुना) घ्यावा की पैसे दुसरीकडे लावावेत?

लॅबवाला
माझं मत सरळ आहे. दुसऱ्या रुग्णालयातून हलवलेला किंवा नुकताच भारी अँटिबायोटिक्स झालेला रुग्ण आला, की पहिल्याच दिवशी रेक्टल स्वॅब घ्यावा. कार्बापेनेमला (राखीव, ताकदीच्या अँटिबायोटिक्सचा गट) दाद न देणारा क्लेबसिएला हा जंतू आतड्यात वस्ती करून असतो तेव्हा ना ताप असतो, ना पांढऱ्या पेशी वाढलेल्या. रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पॉझिटिव्ह येईपर्यंत थांबलात, तर तोवर तो शेजारच्या बेडवर पोचलेला असतो. इस्रायलने २००७ साली देशभर असे वाहक (आजारी नसताना जंतू बाळगणारे) सक्तीने वेगळे ठेवले. दर लाख रुग्णदिवसांमागे ५५.५ नवे रुग्ण होते, ते मे २००८ पर्यंत ११.७ वर आले.

स्वॅब मात्र नीट हवा. काडी गुदद्वारात एक-दोन सेंटिमीटर आत घालून फिरवा, काडीवर मळाचा रंग दिसलाच पाहिजे. कोरडी काडी लॅबने परत पाठवावी. तिच्यावरचा 'निगेटिव्ह' रिपोर्ट वॉर्डला खोटा दिलासा देतो. रंगीत वाढ दाखवणाऱ्या प्लेटवर निकाल दुसऱ्या दिवशी मिळतो, कार्ट्रिज पीसीआरवर (जंतूचं जनुक शोधणारी मशीनवरची तपासणी) तासाभरात.

बारा बेड
पूर्ण असहमत. इस्रायलचे आकडे बरोबर आहेत, पण ते काडीने खाली आले नाहीत. वाहकांना वेगळी जागा आणि वेगळ्या सिस्टर दिल्या म्हणून आले. आपल्याकडे एका हॉलमध्ये १२ बेड आणि एका सिस्टरकडे तीन-तीन रुग्ण. पॉझिटिव्ह कळला, तरी त्याला ठेवणार कुठे? शिवाय एनडीएम (कार्बापेनेम निकामी करणारं जंतूंचं एंझाइम) आपल्याकडे रुग्णालयापुरता नाही. दिल्लीच्या २०११ सालच्या पाहणीत नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत त्याचं जनुक सापडलं होतं. दारात पाच पॉझिटिव्ह आले तर पाचही जण वेगळे ठेवणार का?

त्यापेक्षा सगळ्यांना रोज क्लोरहेक्सिडिनचा (कातडीवरचे जंतू मारणारं औषध) स्पंज द्या, म्हणजे त्याने अंग पुसा. अमेरिकेत ७४ आयसीयूंत झालेल्या चाचणीत (२०१३) तपासून वेगळं ठेवण्याची पद्धत एका बाजूला होती आणि सरसकट स्पंज व नाकात म्युपिरोसिन (जंतू मारणारं मलम) दुसऱ्या बाजूला. सरसकट गटात रक्तातले संसर्ग ४४ टक्क्यांनी घटले.

लॅबवाला
ती चाचणी मुख्यतः एमआरएसएसाठी (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ जंतू) होती, म्हणजे नाक आणि कातडी. आपला शत्रू आतड्यात आहे, तिथे स्पंज पोचत नाही. २०१५ साली एकाच केंद्रावर झालेल्या दुसऱ्या चाचणीत रोजच्या स्पंजने रुग्णालयात होणारे संसर्ग कमी झाले नाहीत, हेही सांगायला हवं.

रात्रपाळी सिस्टर
स्पंज जांघेतली आतड्याच्या जंतूंची संख्या कमी करतो, म्हणून तो वाया जात नाही. पण तो चुकीचा होतो, आणि तो कसा चुकतो यावर कुणी बोलत नाही. मावशी आधी साबणाने पुसतात, मग क्लोरहेक्सिडिन लावतात, मग साध्या पाण्याने धुतात. साबणाचा अंश राहिला की औषध निकामी होतं आणि धुतलं की जे उरलं तेही जातं. २ टक्क्यांचं असेल तर जबड्याखालून सुरुवात करा. डोळे, कान, तोंड टाळा. प्रत्येक भागाला नवा वाइप घ्या, जांघ आणि मागचा भाग शेवटी. वारा लागून वाळू द्या, पुसू नका. वरून साधं लोशनही लावू नका, तेही औषध मारू शकतं.

आणि स्पंजचं पाणी हात धुण्याच्या सिंकमध्ये ओतायचं नाही! उरलेलं ट्यूब फीड, डेक्स्ट्रोजसुद्धा नाही. सिंकखालच्या वाकड्या नळीत पाणी साचतं, तिथल्या चिकट थराला ही साखर म्हणजे खाऊ. नळाची धार थेट जाळीवर पडली की तेच जंतू मीटरभर उडतात आणि शेजारच्या ट्रेवर औषधं भरलेली सिरिंज ठेवलेली असते. याला स्वॅबही लागत नाही, वाइपही नाही. ट्रे हलवायचा, एवढंच.

अँटिबायोटिक ऑडिट
स्वॅबला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. पॉझिटिव्ह रिपोर्ट दिसला की रात्रीच्या ड्युटीवर कोलिस्टिन (शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक) सुरू होतं. रुग्ण वाहक आहे, आजारी नाही. कोलिस्टिन मूत्रपिंडं बिघडवतं आणि आतड्यातले जंतू तसेच राहतात. कॅथेटरच्या (लघवीसाठी घातलेली नळी) लघवीच्या कल्चरचंही हेच. कॅथेटर जितका राहील तितके जंतू साचतात, म्हणून ताप नसताना ते कल्चर पाठवूच नये.

लॅबवाला
हा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि तो लॅबने सोडवायचा आहे. स्क्रीनिंग स्वॅबवर अँटिबायोटिकची यादी छापूच नये. 'वाहक. उपचार नको. संपर्क-खबरदारी' एवढंच लिहावं.

बारा बेड, तुमच्या हॉलसाठीही मार्ग आहे. स्वतंत्र खोली नसेल, तर भिंतीकडचे तीन बेड वाहकांना द्या, पाळीला त्यांच्यासाठी एकच सिस्टर आणि एकच मामा. त्या कोपऱ्याचं बेडपॅन, थर्मामीटर, बीपीचा पट्टा तिथेच राहील.

बारा बेड
बेडपॅन धुणार कुठे? बहुतेक ठिकाणी एकच मोरी असते आणि दुसरी मागितली की बांधकाम विभागाचं नाव पुढे येतं.

रात्रपाळी सिस्टर
वाहकांची पॅन सगळ्यात शेवटी धुवा. आधी मळ काढा, कारण तो राहिला तर हायपोक्लोराइट (ब्लीच) संपून जातं. मग १ टक्का द्रावणात १० मिनिटं पूर्ण बुडवा. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी, रोज ताजं करायचं. कालची बादली ओतून द्या.