नथू ला व्यापार: समन्वय कार्यालयाचा खर्च सिक्कीमने का उचलावा?

ताळेबंद:
२०२० पासून बंद पडलेला सीमाव्यापार सिक्कीममधली नथू ला, शिवाय शिपकी ला आणि लिपुलेख या हिमालयातल्या खिंडींमधून पुन्हा सुरू करायचं भारत-चीनने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं. आता व्यापार समन्वयाचं कार्यालय वाढवा, पदं भरा अशी मागणी सिक्कीममध्ये झाली, तर माझा विरोध. परदेश व्यापार आणि सीमाशुल्क दोन्ही केंद्र सूचीतले विषय. नथू लाजवळच्या शेराथांगच्या सीमाबाजारात कस्टम्स केंद्राचं, तिथवरचा रस्ता बीआरओचा, म्हणजे केंद्राच्याच सीमा रस्ते संघटनेचा. मग पगार तेवढे राज्याच्या तिजोरीतून का? हंगाम १ मे ते ३० नोव्हेंबर, तोही आठवड्यातले चार दिवस. उरलेले पाच महिने काय बर्फ मोजायला माणसं ठेवायची? पहिल्या वर्षाचा आकडा छोटाच दिसतो हो. पद एकदा मंजूर झालं की महागाई भत्ता आणि पुढचा वेतन आयोग मागोमाग आलेच.

घाटमाथा:
असहमत. व्यापाराचा परवाना फक्त सिक्कीमच्या रहिवाशांना मिळतो, आणि तो देतं राज्याचं वाणिज्य-उद्योग खातं. म्हणजे अडलेला व्यापारी आधी गंगटोकचंच दार ठोठावणार.
दुसरं म्हणजे वस्तूंची यादी. २००६ ला खिंड उघडली तेव्हा निर्यातीला २९ आणि आयातीला १५ वस्तूंना परवानगी होती. आयातीत काय, तर याकची शेपटी, याकचे केस, बकऱ्याचं कातडं, बोरॅक्स, मीठ! यावर कोणाचं दुकान चालणार? तयार कपडे, बूट, गालिचे आयातीच्या यादीत यायला २०१२ उजाडलं. कोणीतरी दिल्लीच्या मागे लागल्याशिवाय अशी यादी हलत नाही.

ताळेबंद:
मागे लागायला एक खमका अधिकारी पुरतो. त्यासाठी अख्खं कार्यालय?

चौकस:
ताळेबंद यांना +१. खिंड कधी बंद होणार हे गंगटोकच्या हातात नाही. २०१७ ला डोकलाममध्ये भारत-चीनचं सैन्य आमनेसामने आलं आणि इथून जाणारी मानसरोवर यात्रा थांबली, २०२० ला व्यापारच बंद. आणि खिंडीचं सोडा, सिलिगुडीहून माल वर आणणारा राष्ट्रीय महामार्ग १० पावसाळ्यात दरडींनी अडतो. माल गंगटोकलाच पोचला नाही तर समन्वय कशाचा करणार?

घाटमाथा:
महामार्गही केंद्राचाच, त्याचा खर्च या हिशोबात कशाला ओढता? बरं, नवी पदं नकोत ना? खात्यातलीच माणसं हंगामापुरती प्रतिनियुक्तीवर द्या. वर्षभराचा बोजा नाही, आणि खिंड बंद झाली की ती मूळ टेबलावर परत.

ताळेबंद:
हे पटण्यासारखं आहे. एकच अट, खर्च मूळ अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या वेगळ्या नोंदीत दाखवा. डिसेंबरात पूरक मागण्यांच्या गठ्ठ्यात घुसवलेली रक्कम कोणी वाचत नाही.

घाटमाथा:
लेखाशीर्ष वेगळं ठेवा, काहीच हरकत नाही. पण तो खमका अधिकारी मात्र बारमाही लागेल. यादीत नवी वस्तू घालायची तर फाइल मे महिन्याच्या आधी दिल्लीतून सुटायला हवी, म्हणजे त्याचं खरं काम हिवाळ्यातच.