हरिश्चंद्रगड ऑगस्टमध्ये: पाचनई की खिरेश्वर?

पुण्याहून चौघे जाणार आहोत, सोबत दहा वर्षांचा मुलगा. पायथ्याच्या या दोन गावांपैकी कुठून चढावं? केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा दोन्ही बघायचेत.

रानवाट:
पाचनईच. अडीच तासांत गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर गाठता येतं. वाट पुढे झुकलेल्या कातळाखालून जाते, वरून धबधब्याच्या धारा पडतात, ओढाही ओलांडावा लागतो. पाणी गढूळ होऊन वाढलं तर थांबा. पाऊस उघडला की ते लवकर उतरतं. कातळावरचं काळपट शेवाळ ओल्या मातीपेक्षा जास्त घसरतं. तिथे पूर्ण तळवा टेकवून चाला. झिजलेल्या तळाचे बूट घरीच ठेवा.

खिरेश्वरहून तोलार खिंडीनंतर कातळटप्पा आहे. रेलिंग आहेत, पण खरा धोका पुढच्या लांब पठारावर: धुक्यात वाट हमखास चुकते. मुलाला घेऊन नकोच.

घाटपांथस्थ:
केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं बर्फगार पाणी असतं. चार खांबांपैकी एकच उभा आहे. पावसात गुहेसमोरून ओढा जोरात वाहतो, तेव्हा बाहेरूनच दर्शन घ्या.

कोकणकड्यावर काठापासून लांब राहा. बघायचंच तर पालथं झोपून, कोणीतरी पाय धरून. दरीतून वर येणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं उडवतो. इंद्रवज्र (धुक्यावर दिसणारं गोल इंद्रधनुष्य) बघायचं असेल तर सकाळीच पोहोचा: कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली, हे तेव्हाच जुळतं.

रानवाट:
आणि दुपारी तीनच्या आत उतरायला लागा. धुक्यात अंधार लवकर पडतो.