मदत हवी आहे: फ्रेंचच्या वर्गासाठी फ्रेंच नावं कशी निवडावीत?

खडूची_पूड
अकरावीचा फ्रेंचचा वर्ग, ३२ मुलं, सगळ्यांची पाटी कोरी. संवाद आणि तोंडी सरावासाठी प्रत्येकाला एक फ्रेंच नाव द्यायचं आहे. हाताशी जुन्या पुस्तकातली यादी आहे: पिएर, जाक, मोनिक, सिल्व्ही वगैरे. ही चालेल का? उच्चार कुठे अडतील? आणि "आमच्या मुलाचं नाव का बदलता?" असं पालकांनी विचारलं तर काय सांगावं?

शेवटचा_त_गप्प
ती यादी बाजूला ठेवा. मोनिक म्हणजे आपल्याकडची कुसुम किंवा सुमन, सिल्व्ही म्हणजे सुनीता. सोळा वर्षांच्या मुलीला हे नाव लावलं की फ्रेंच माणसाला हसू येईल. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने कॅलेंडरातली (म्हणजे मुख्यतः संतांची) आणि प्राचीन इतिहासातलीच नावं ठेवता येत. पुढे ते सैल होत गेलं आणि १९९३ मध्ये आईवडिलांना खरी मोकळीक मिळाली. त्यामुळे पिढीगणिक नावं फार बदलली आहेत. तुमच्या मुलांच्या वयाची नावं हवीत तर एमा, क्लोए, मानों, इनेस, ल्युका, एंझो, नातां, यानिस. तिथल्या सांख्यिकी संस्थेकडे, म्हणजे इन्सीकडे, १९०० पासूनची वर्षवार यादी आहे, ती चाळा. इनेस आणि यानिस मुद्दाम घेतलीत, उत्तर आफ्रिकेतून आलेल्या घरांत ती बरीच चालतात. आजच्या फ्रेंच वर्गात नुसते संतमहात्मे बसत नाहीत.

३२ मुलांसाठी ४० चिठ्ठ्या करा, म्हणजे शेवटच्याला उरलंसुरलं घ्यावं लागत नाही. चिठ्ठीवर देवनागरी अजिबात नको. 'झूल' (Jules) लिहिलंत की अर्धी मुलं 'झाडा'तला झ काढणार. तो आवाज 'श' म्हणता म्हणता घसा गुणगुणवला की येतो; गळ्यावर बोट ठेवायला सांगा, थरथर लागली पाहिजे. ल्युका, ल्युसी यांतला स्वर 'यू' नाही आणि 'उ'ही नाही. ओठ 'उ'सारखे गोल ठेवायचे आणि आत 'ई' म्हणायची.

त्रेमा
वरच्याला +१. भर एवढीच की नावं आवाज बघून वाटा. नातां, व्हँसां, सिमों यांत शेवटी न् किंवा म् ऐकू आला की चुकलं, स्वर नाकातून सोडून तिथेच थांबायचं. (वर्गात मालवणी किंवा कोकणी बोलणारं कुणी असेल तर त्याला पुढे बोलवा, त्याला हे घरूनच येतं.) सिमों–सिमोन, आद्रियां–आद्रियेन, ज्युलियां–ज्युलियेन अशा जोड्या शेजारी बसवा. नाकातला स्वर गेला आणि न् वाजला की मुलाची मुलगी झाली, हा नियम पुढे 'एंदियां–एंदियेन'ला (भारतीय पुरुष–स्त्री) जसाच्या तसा लागतो.

आठ-दहा नावं स्वराने सुरू होणारी ठेवा: आंतवान, आलिस, एलोदी, आनाईस. 'ल लिव्र द तोमा' (तोमाचं पुस्तक), पण 'ल लिव्र दांतवान': स्वरापुढे 'द'चा स्वर गळतो. हा लोप वर्गातल्या वर्गात पन्नास वेळा कानावर पडतो, वेगळा धडा लागत नाही. मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी एलोदीच्या पहिल्या ई वरची तिरकी रेघ सोडू नका. फ्रेंच अकादमीही मोठ्या अक्षरांवर चिन्हं द्यायला सांगते.

पहिल्या महिन्यात कामीय आणि दॉमिनिक टाळा, मुलगा-मुलगी दोघांचीही असतात. आणि 'झां' (Jean) हे मुलाचं नाव आहे! इंग्रजीच्या सवयीने 'जीन' वाचून ते मुलीला देणं ही ठरलेली चूक. उलट लोरांस मुलीचं, लोरां मुलाचं.

जोगळेकरी_झि_झे
पालकांचा प्रश्न रास्त आहे. नाव ऐच्छिक ठेवा, कॅटलॉगमध्ये खरंच नाव राहू द्या. ज्याला नको त्याला सक्ती नको.

शिवाय देल्फ आ-१ ची (फ्रेंचची सुरुवातीच्या पातळीची प्रमाणपत्र परीक्षा) तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची, आणि तिचा पहिला भागच स्वतःची ओळख. तिथे नाव-आडनावाचं स्पेलिंग विचारलं जाऊ शकतं. वर्षभर 'झ मापेल एमा' (माझं नाव एमा) म्हणणारी मुलगी स्वतःच्या आडनावाशी अडखळते. फ्रेंचमध्ये जी ला 'झे' आणि जे ला 'झि' म्हणतात, इंग्रजीच्या बरोब्बर उलट. जोगळेकर आडनावात दोन्ही आहेत: झि, ओ, झे. वाघमारेला 'दूब्ल व्हे', देशपांडेतल्या एच ला 'आश'. आठवड्यातून एकदा खऱ्या नावाने हजेरी, स्पेलिंगसकट.

मराठी नावं फळ्यावर फ्रेंच नियमाने वाचून दाखवली तर नियमही पक्के होतात. रोहितचं 'रोई' (ह मुका, शेवटचा त मुका), सचिनचं 'साशें', प्राचीचं 'प्राशी', आणि अमितचं 'आमी', म्हणजे मित्र.

त्रेमा
फळ्यावर ठीक, हाक मारायला नको. रोहितला वर्षभर 'रोई' म्हटलं की चिडवणं सुरू होतं.

खडूची_पूड
सगळ्यांचे आभार. एक राहिलं: एच लिहितात पण म्हणत नाहीत, तर एलेनच्या (Hélène) आधी लोप होतो का?

शेवटचा_त_गप्प
होतो, 'देलेन'. पण युगोच्या (Hugo) आधी 'द युगो' आणि 'द्युगो' दोन्ही दिसतं, म्हणून ती चिठ्ठी पहिल्या सत्रात बाहेर काढू नका.